फ्लुइड डायनॅमिक्सचा पहिला प्रोजेक्ट: लॅपटॉपवरचा सिलिंडर आणि ट्रेमधली सळई

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली किंवा एमएस्सी फिजिक्सची बरीच मुलं विचारतात की सीएफडी (पाणी-हवेच्या प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवणं) शिकायचंय, पुढे रिसर्चमधे जायचंय, तर सुरुवात कुठून करू. बहुतेक जण थेट एखादी गाडी नाहीतर विमानाचा पंख घेतात कारण त्याची रंगीत चित्रं भारी दिसतात. चित्र येतंही. पण व्हायव्हाला कुणी विचारलं की हे बरोबर आहे कशावरून, तर सांगायला काहीच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रोजेक्ट असा घ्यायचा ज्याचं उत्तर आधीपासून नीट माहिती आहे, जो साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि जो घरी पाण्यात स्वतः करून बघता येतो. असा प्रॉब्लेम म्हणजे गोल सळईच्या मागे एकाआड एक सुटणारे भोवरे, ज्याला कारमान व्होर्टेक्स स्ट्रीट म्हणतात. वाऱ्यात तार गुणगुणते ती याचमुळे, स्ट्रूहाल नावाच्या चेक फिजिसिस्टने १८७८ साली त्या आवाजावरच काम केलं होतं, आणि कारमानने १९११ च्या सुमारास भोवऱ्यांच्या रांगेचं गणित मांडलं. उंच चिमण्यांना वरच्या टोकाला स्क्रूसारखी पट्टी गुंडाळलेली दिसते ना, ती हेच भोवरे एका तालात सुटू नयेत म्हणून असते.

हे सगळं मी केलेलं आहे आणि कुठे वेळ जातो ते चांगलं माहितीये, त्यामुळे खाली क्रमाने लिहितो. क्रम शक्यतो मोडू नका.

काय काय लागेल

- लॅपटॉप, ८ जीबी रॅम पुरेशी, डिस्कवर २०-३० जीबी मोकळी जागा
- ओपनफोम (प्रवाहाचं गणित सोडवायला), पॅराव्ह्यू (उत्तर चित्रात बघायला) आणि जीमेश (मेश, म्हणजे हिशोबासाठी जागेचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, बनवायला), तिन्ही फुकट
- आकड्यांसाठी पायथन, नसेल येत तर एक्सेलनेही भागतं
- साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि पाऊण मीटर लांब ट्रे, पाणी निदान ६ सेंटीमीटर उभं राहील इतका खोल, शक्यतो काळ्या रंगाचा
- ४ मिलिमीटरची सरळ स्टीलची सळई
- ड्रॉवरला लावतात तो बॉल बेअरिंगवाला टेलिस्कोपिक चॅनल, २४ इंची, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो
- १२ व्होल्टची, मिनिटाला ३० फेऱ्यांची गिअर मोटर आणि तिला चालेल असा अडॅप्टर (पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन)
- न ताणणारा दोरा, व्हर्नियर कॅलिपर, थर्मामीटर, मोबाईल आणि त्याचा स्टँड
- रेझिन आर्टवाले वापरतात ती चमकणारी मायका पावडर
- एक जाड वही

१. आधी कागदावर आकडा काढा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, तारीख टाकून. हे का सांगतोय ते नवव्या स्टेपला कळेल.

इथे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता). सगळं मिलिमीटर आणि सेकंदात घ्या, कारण २० डिग्रीला पाण्याची ही व्हिस्कॉसिटी जवळजवळ १ मिलिमीटर स्क्वेअर प्रति सेकंद असते आणि हिशोब तोंडी होतो. ४ मिलिमीटरची सळई २५ मिलिमीटर प्रति सेकंदाने ओढली की रेनॉल्ड्स नंबर १००. झालं.

पण आपल्याकडे पाणी २० डिग्रीला असतं कधी? २५ डिग्रीला व्हिस्कॉसिटी ०.८९ होते आणि ३० डिग्रीला ०.८०, म्हणजे त्याच सळईचा त्याच वेगाला रेनॉल्ड्स नंबर आधी ११२ आणि मग १२५ होतो. एका डिग्रीमागे साधारण दोन टक्के फरक पडतो. थर्मामीटर यादीत आहे तो यासाठी, आणि खोलीचं तापमान न घेता पाण्याचं घ्यायचं.

दुसरा आकडा स्ट्रूहाल नंबर, म्हणजे भोवऱ्यांची फ्रीक्वेन्सी गुणिले व्यास भागिले वेग. रेनॉल्ड्स नंबर साधारण ४७ च्या खाली असेल तर भोवरे सुटतच नाहीत, मागे दोन भोवरे शांत चिकटून राहतात. त्याच्यावर सुटायला लागतात. विल्यमसनने १९८० च्या दशकाच्या शेवटी फार काळजीपूर्वक मोजमाप करून जो फॉर्म्युला दिला तो असा: ०.१८१६ घ्या, त्यातून ३.३२६५ भागिले रेनॉल्ड्स नंबर वजा करा, आणि ०.०००१६ गुणिले रेनॉल्ड्स नंबर मिळवा. साधारण ५० ते १८० पर्यंत तो चालतो. १०० ला उत्तर ०.१६४ येतं, १२५ ला ०.१७५.

आता उलटं जाऊन फ्रीक्वेन्सी काढा: ०.१६४ गुणिले २५ भागिले ४, म्हणजे सेकंदाला साधारण एक. हे मुद्दाम असं निवडलंय, मोबाईलच्या कॅमेऱ्यात आणि डोळ्यांनीही आरामात मोजता येतं.

इथेच एक मोठी चूक होते, ती आधीच सांगून ठेवतो. उत्साहात काही जण रेनॉल्ड्स नंबर १००० किंवा १०,००० घेतात कारण तो जास्त खरा वाटतो. साधारण १९० च्या पुढे भोवरे तिसऱ्या दिशेनेही वाकडे व्हायला लागतात, फ्लो टू-डी राहत नाही. टू-डी सिम्युलेशन तिथेही चालतं, सुंदर चित्रही देतं, पण ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेने ओढणारा जोर) खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. पहिल्या प्रोजेक्टला १५० च्या वर जाऊच नका.

२. सॉफ्टवेअर बसवा

विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करा आणि त्यात उबुंटू घ्या. बायॉसमधे व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर उबुंटू सुरूच होत नाही, ते आधी बघा.

ओपनफोमचे दोन वेगळे परिवार आहेत हे कुणी नवीन माणसाला सांगत नाही, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. एक फाउंडेशनचं, ज्याच्या व्हर्जनचे नंबर साधे असतात, ११, १२ असे. दुसरं ईएसआय या कंपनीचं, ज्याचे नंबर वर्ष-महिना असतात, म्हणजे २४१२ म्हणजे २०२४ चा डिसेंबर. दोन्ही चांगली आहेत. पण एकाची फाईल दुसऱ्यात टाकली की एरर येतो, फाउंडेशनने ११ व्या व्हर्जनपासून बरेच सॉल्व्हर एकत्र करून फोमरन नावाची एकच कमांड आणली, व्हिस्कॉसिटी जिथे लिहायची त्या फाईलचं नावही बदललं (एकीकडे ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीज, दुसरीकडे फिजिकलप्रॉपर्टीज). म्हणून एक परिवार ठरवा, व्हर्जन वहीत लिहा, आणि नेटवर काहीही वाचताना ते कुठल्या परिवारातलं आहे ते आधी बघा.

बाकी छोट्या गोष्टी: फोल्डरच्या नावात स्पेस देऊ नका. केस (एका सिम्युलेशनच्या सगळ्या फाईलींचं फोल्डर) उबुंटूच्या होम फोल्डरमधेच ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवली तर फाईल लिहिणं फार हळू होतं. नवीन टर्मिनल उघडल्यावर कमांड सापडत नाही असं आलं तर ओपनफोमची बॅशआरसी फाईल (टर्मिनलच्या सेटिंगची) लोड झालेली नाही, ती ओळ एकदा तुमच्या स्वतःच्या बॅशआरसीमधे टाकून ठेवा. आणि सत्तर टक्के एरर सेमीकोलन नाहीतर कंस राहिल्याने येतो असं मला तरी वाटतं, एरर मेसेजमधे फाईलचं नाव आणि ओळ दिलेली असते, ती शांतपणे वाचा.

३. सिलिंडरच्या आधी चौकोनी डबा

ओपनफोमच्या ट्युटोरियलमधे कॅव्हिटी नावाची केस आहे. चौकोनी डबा, वरचं झाकण एका वेगाने सरकतंय, आतलं पाणी फिरतंय. सगळे जण ही केस चालवतात, चित्र बघतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका.

ट्युटोरियलमधे बाजू ०.१ मीटर, वेग १, आणि व्हिस्कॉसिटी ०.०१ आहे, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर फक्त १०. व्हिस्कॉसिटी ०.००१ करा, तो १०० होईल. शेवटची वेळ ०.५ सेकंद दिलेली असते ती वाढवून ५ सेकंद तरी करा, नाहीतर फ्लो स्थिर व्हायच्या आतच रन संपतो. मेश २० बाय २० सेलची (तुकड्यांची) आहे, तीच एकदा ४० बाय ४० आणि एकदा ८० बाय ८० करा. मेश दुप्पट बारीक केली की टाइम स्टेप निम्मी करायचीच, कारण कूरां नंबर, म्हणजे एका स्टेपमधे पाणी किती सेल ओलांडतं तो आकडा, १ च्या आत राहायला पाहिजे.

मग पॅराव्ह्यूमधे उभ्या मध्यरेषेवरचा आडवा वेग काढा. १९८२ साली घिया, घिया आणि शिन यांनी जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल फिजिक्समधे या डब्याचे आकडे टेबलमधे छापले, आजही जगभर सगळे त्यालाच ताडून बघतात. रेनॉल्ड्स १०० ला डब्याच्या बरोब्बर मध्यबिंदूवर वेग झाकणाच्या वेगाच्या −०.२०६ पट येतो, आणि त्या रेषेवरचा सगळ्यात कमी वेग −०.२११, उंचीच्या ०.४५३ वर. तुमची मेश बारीक होत जाईल तसा तुमचा आकडा तिकडे सरकत गेला पाहिजे. सरकतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मेश म्हणजे नेमकं काय करते ते पुस्तक न वाचता कळतं.

अजून एक, इनकॉम्प्रेसिबल सॉल्व्हरमधे प्रेशर घनतेने भागलेलं असतं. त्याचं युनिट पास्कल नसतं. रिपोर्टमधे पास्कल लिहिलं आणि परीक्षकाच्या लक्षात आलं तर पुढचं सगळं संशयाने बघितलं जातं.

४. सिलिंडरची मेश

आता मुख्य काम. व्यास १, वेग १, व्हिस्कॉसिटी ०.०१ ठेवा, रेनॉल्ड्स १००. खऱ्या सळईचे मिलिमीटर इथे टाकायची गरज नाही, रेनॉल्ड्स नंबर सारखा असला की झालं. आणि व्यास व वेग दोन्ही १ असल्यामुळे जी फ्रीक्वेन्सी येईल तोच थेट स्ट्रूहाल नंबर.

डोमेन, म्हणजे ज्या जागेतला प्रवाह सोडवायचा ती जागा, मोठं घ्या: सिलिंडरच्या पुढे निदान १० व्यास, मागे २५-३०, आणि दोन्ही बाजूंना १०-१५ व्यास. जीमेशमधे भूमिती काढा, सिलिंडरजवळ सेल अगदी बारीक, लांब जाता जाता मोठे, आणि जाडीच्या दिशेने फक्त एक सेल.

मग जीमेशची फाईल ओपनफोममधे बदलून घेताना सगळ्या कडा साध्या पॅच म्हणून येतात. बाउंडरी फाईल हाताने उघडून पुढची-मागची बाजू एम्प्टी करायची, सिलिंडर वॉल करायचा. एम्प्टी करायचं राहिलं तर ओपनफोम तुमची केस टू-डी धरतच नाही. त्यानंतर चेकमेश चालवा आणि शेवटी मेश ओके आलं तरच पुढे जा.

दोन सापळे. पहिला, ओपनफोमच्या पोटेन्शियलफोम ट्युटोरियलमधे सिलिंडर आहे म्हणून काही जण तीच मेश उचलतात. त्यात अर्धाच सिलिंडर आहे, खाली सिमेट्री प्लेन आहे. आपले भोवरे तर सिमेट्री मोडूनच सुटतात, एकदा वरून, एकदा खालून, त्यामुळे अर्ध्या मेशमधे ते आयुष्यात दिसणार नाहीत. दुसरा सापळा बेंचमार्कचा. नेटवर शोधलं की शेफर आणि टुरेक यांचा १९९६ चा सिलिंडर सापडतो, तिथेही रेनॉल्ड्स १००, पण स्ट्रूहाल ०.३० आणि जास्तीत जास्त ड्रॅग कोइफिशंट ३.२३. आपला ०.१६ आला म्हणून घाबरू नका. त्यांचा सिलिंडर ०.१ चा आहे आणि चॅनल फक्त ०.४१ उंच, म्हणजे जवळपास चौथा भाग रस्ता अडलाय, पाणी फटीतून जोरात जातं. तो प्रॉब्लेमच वेगळा. कुठल्याही छापील आकड्याशी ताडून बघायच्या आधी भिंती किती लांब आहेत ते बघायचं.

५. रन लावा आणि वाट बघा

कन्व्हेक्शनसाठी (प्रवाह वेग पुढे वाहून नेतो त्या टर्मसाठी) अपविंड स्कीम वापरू नका. ती स्थिर असते, कधी फुटत नाही (आकडे भलतेच मोठे होऊन रन बंद पडत नाही), म्हणून मोह होतो, पण तिच्यात स्वतःचीच खोटी व्हिस्कॉसिटी असते जी भोवरे दाबून टाकते. लिनिअर किंवा लिनिअर अपविंड घ्या. वेळेसाठी ऑयलर पहिल्या ऑर्डरचं आहे, बॅकवर्ड घ्या.

टाइम स्टेप कूरां नंबर १ च्या आत राहील अशी. सिलिंडरजवळचा सेल ०.०२ असेल तर ०.०१ ने सुरू करून लॉगमधला जास्तीत जास्त कूरां नंबर बघा.

आता धीर धरायचा. सुरुवातीला मागे दोन सारखे भोवरे बनतात आणि बराच वेळ काहीच हलत नाही. नवीन माणसाला वाटतं आपलं सिम्युलेशन चुकलं, म्हणून तो सगळ्या सेटिंग बदलत बसतो. मेश फार सुबक असेल तर सिमेट्री मोडायला बारीकसा धक्का मिळायला वेळ लागतो, एवढंच. २०० वेळेपर्यंत चालवा, एका भोवऱ्याचं चक्र साधारण ६ चं आहे, त्यामुळे पहिला अर्धा भाग फेकून दिला तरी मोजायला १५-१६ चक्रं उरतात. अजून लवकर हवं असेल तर सुरुवातीच्या वेगात एका बाजूला थोडासा तिरका वेग टाका आणि वहीत तसं लिहा.

६. आकडे काढताना

फोर्स कोइफिशंटचं फंक्शन कंट्रोलडिक्टमधे (रनच्या सेटिंगच्या फाईलमधे) आधीच लावून ठेवा, रन संपल्यावर आठवलं तर परत उठाठेव. त्यात एरिया मागतो. आपला सिलिंडर टू-डी असला तरी मेशला जाडी आहे, म्हणून एरिया म्हणजे व्यास गुणिले ती जाडी. जाडी ०.१ ठेवून एरियात १ लिहिला की ड्रॅग दहा पटीने कमी येतो आणि आठवडाभर कारण सापडत नाही. सरासरी ड्रॅग कोइफिशंट १.३३ ते १.३५ च्या आसपास यायला पाहिजे, बाजूच्या भिंती जवळ असतील तर थोडा जास्त.

फ्रीक्वेन्सी लिफ्टवरून (प्रवाहाला आडव्या दिशेचा जोर) काढा, ड्रॅगवरून काढू नका. एका पूर्ण चक्रात एक भोवरा वरून सुटतो आणि एक खालून, लिफ्ट एकदा वर-खाली होते पण ड्रॅग दोनदा. ड्रॅगवरून काढलं की स्ट्रूहाल ०.३३ येतो. बरोब्बर दुप्पट दिसला की हेच समजा.

एफएफटीच्या (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढायची पद्धत) बाबतीतही जरा थांबा. १०० वेळेचा डेटा असेल तर एफएफटीचे खण ०.०१ अंतरावर असतात, आणि ०.१६४ मधे ०.०१ म्हणजे सहा टक्के. म्हणजे उत्तर ०.१६ नाहीतर ०.१७, मधलं काही दिसणारच नाही. त्यापेक्षा लिफ्ट शून्यातून वर जाते ते क्षण शोधा, पहिल्या आणि शेवटच्या क्षणातलं अंतर मधल्या चक्रांनी भागा. साधी पद्धत, आणि इथे जास्त अचूक.

७. तीन मेश, कमीत कमी

एकाच मेशवरचा आकडा म्हणजे रिझल्ट नाही हे मी अगदी जोर देऊन सांगतोय. जाड, मध्यम, बारीक अशा तीन मेश करा, प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना दुप्पट. सेल चौपट होतात, टाइम स्टेप निम्मी, म्हणजे वेळ आठ पट. जाड मेशला १० मिनिटं लागली तर मध्यमला दीडेक तास आणि बारीकला १० तासांच्या वर, म्हणून बारीकवाली रात्री लावा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

तिन्हींचे स्ट्रूहाल आणि ड्रॅग एका तक्त्यात लिहा. मध्यम आणि बारीकमधला फरक जाड आणि मध्यममधल्या फरकापेक्षा बराच कमी असला पाहिजे. फरक वाढत असेल तर काहीतरी बिनसलंय, पुढे जाऊ नका. रोचने १९९४ मधे ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स म्हणून हे एका आकड्यात मांडायची पद्धत दिली, ती वापरलीत तर रिपोर्ट एकदम वरच्या दर्जाचा होतो.

कोणीतरी सांगेल की सुपरकॉम्प्युटर पाहिजे. नकोय. पुण्यात सी-डॅक आहे, आयसरमधे परम ब्रह्म आहे, पुढे पीएचडीला लागलात तर तिथपर्यंत पोचालही, पण हा प्रोजेक्ट काही हजार सेलचा आहे. एवढ्या छोट्या केसला जास्त कोर लावले तर कोर एकमेकांशी बोलण्यातच वेळ जातो.

८. आता हात ओले करा

हा भाग बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. प्रांटलने १९०४ च्या आसपास हाताने फिरवायच्या पाण्याच्या चॅनलमधे अभ्रकाचे कण टाकून बाउंडरी लेयर (पृष्ठभागाला लागून असलेला पाण्याचा मंद थर) बघितला. आपण मोटर लावतोय, एवढाच फरक.

मांडणी: ट्रेच्या वर टेलिस्कोपिक चॅनल आडवा पक्का बसवा, दोन्ही टोकांना विटा किंवा लाकडाचे ठोकळे. चॅनलच्या सरकत्या भागाला सळई उभी लावा, खालचं टोक ट्रेच्या तळापासून एक-दोन मिलिमीटर वर राहू द्या. दुसऱ्या टोकाला मोटर, तिच्यावर १६ मिलिमीटरचं रीळ. ३० फेऱ्यांना हे साधारण २५ मिलिमीटर प्रति सेकंद होतं. दोऱ्याचे वेढे एकमेकांवर चढले तर रिळाचा व्यास वाढतो आणि वेगही, म्हणून रीळ रुंद ठेवा. मोटर ट्रेच्याच बाकावर ठेवू नका, वेगळ्या स्टुलावर ठेवा, तिची थरथर पाण्यात उतरते.

मोटरवर लिहिलेल्या फेऱ्यांवर आणि रिळाच्या गणितावर विश्वास ठेवू नका. वेग व्हिडिओवरूनच काढायचा. त्यासाठी पट्टी पाण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीलाच ठेवा, तळाला ठेवली तर कॅमेऱ्याला ती लांब असल्यामुळे माप चुकतं.

मायका पावडर आधी वाटीभर पाण्यात चमचाभर कालवून, एक थेंब लिक्विड साबण टाकून मग ट्रेमधे मिसळा, नाहीतर गुठळ्या तरंगतात. पृष्ठभागावर टाल्कम पावडर भुरभुरवणं सोपं वाटतं पण त्याची साय धरते आणि ती साय पाण्यासारखी वाहत नाही, खालचे भोवरे वेगळे आणि वरचे वेगळे दिसतात. प्रकाश बाजूने पाडा, एकच दिवा, बाकी खोली अंधारी. मोबाईल बरोब्बर वरून, एक्सपोजर आणि फोकस लॉक करून, ३० फ्रेमवर.

रन कसा घ्यायचा:

पाणी ढवळलं की निदान १५ मिनिटं थांबा. पंखा बंद. आपला वेग सेकंदाला अडीच सेंटीमीटर आहे, पाण्यात उरलेली जरा हालचाल पण यापुढे मोठी असते. गरम पाणी थंड खोलीत किंवा उलट असेल तर ट्रेमधे आपोआप प्रवाह फिरत राहतात, म्हणून पाणी रात्रीच भरून ठेवलेलं सगळ्यात बरं. तापमान लिहा, मोटर चालू करा, आणि हात लांब ठेवा.

६० सेंटीमीटरला २४ सेकंद मिळतात. सुरुवातीचा भाग सोडून द्या, सिम्युलेशनमधे दिसलं तसंच इथेही आधी दोन सारखे भोवरे चिकटून येतात. नंतरची आठ-दहा चक्रं मोजा. व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने बघायला ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. सळईच्या एकाच बाजूने भोवरा सुटतो ते क्षण टिपा, पहिला ते शेवटचा वेळ भागिले चक्रं.

मागे राहिलेल्या दोन भोवऱ्यांमधलं अंतर मोजून, त्याने सळईचा वेग भागून फ्रीक्वेन्सी काढायचा मोह होईल. तसं करू नका. भोवरे सळईच्या मागे थोडे थोडे ओढले जातात, जागेवर थांबत नाहीत, त्यामुळे ते उत्तर जास्त येतं. घड्याळानेच मोजा.

पुढच्या टप्प्याला, हे जमलं की, त्याच व्हिडिओवर पीआयव्ही (दोन फ्रेममधे कण किती सरकले त्यावरून पाण्याचा वेग काढणं) करता येतं. ओपनपीआयव्ही पायथनमधे आहे, फुकट. कण दोन फ्रेममधे खिडकीच्या चौथ्या भागापेक्षा जास्त सरकता कामा नये आणि एका खिडकीत निदान पाच-सहा कण दिसले पाहिजेत, हे दोन नियम पाळले की बऱ्यापैकी वेग मिळतात. मायकाचे चपटे कण यासाठी तेवढे चांगले नाहीत, त्यासाठी गोल कण शोधा.

९. ताडून बघा

आता प्रयोगात जो रेनॉल्ड्स नंबर खरंच आला, समजा ११८, त्याच रेनॉल्ड्सला सिम्युलेशन परत चालवा. १०० चं सिम्युलेशन आणि ११८ चा प्रयोग शेजारी ठेवून जुळलं म्हणणं चुकीचं आहे. पहिल्या स्टेपला वहीत लिहिलेल्या फॉर्म्युल्यानेही ११८ चं उत्तर काढा. तीन आकडे झाले: कागद, कॉम्प्युटर, पाणी. कागदावरचा फॉर्म्युला आधी लिहून ठेवलेला असल्यामुळे उत्तर हवं तसं वाकवायचा मोह टळतो.

कागद आणि कॉम्प्युटर दोन-तीन टक्क्यांत यायला पाहिजेत, नाही आले तर चौथी ते सातवी स्टेप परत बघा. पाण्याचा आकडा १० टक्क्यांपर्यंत लांब असला तरी निराश व्हायचं कारण नाही, पण का लांब आहे ते शोधायचं. व्यास व्हर्नियरने मोजलाय म्हणजे तिथे अर्धा टक्का. वेग व्हिडिओवरून, दोन-तीन टक्के. तापमान एका डिग्रीने चुकलं तर रेनॉल्ड्समधे दोन टक्के.

आणि सगळ्यात मोठं कारण सळईची टोकं. पाणी ६ सेंटीमीटर खोल, सळई ४ मिलिमीटर, म्हणजे लांबी व्यासाच्या फक्त १५ पट. एक टोक तळाशी, एक पृष्ठभागाशी, त्यामुळे भोवरे सळईला समांतर न सुटता तिरके सुटतात. विल्यमसनने दाखवलेली गोष्ट हीच होती: तिरक्या भोवऱ्यांमुळे स्ट्रूहाल कमी येतो, आणि किती कमी ते त्या कोनाच्या कोसाइनवर ठरतं. त्याच्या आधी वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते त्यामागे हे मोठं कारण होतं. तुमचा आकडा कमी आला तर बाजूने व्हिडिओ घेऊन (त्यासाठी काचेची टाकी लागेल) भोवऱ्यांचा कोन बघा. २० डिग्रीचा कोन सहा टक्के खातो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधे एवढं विश्लेषण असलं तर कोणताही गाइड खूश होईल.

१०. वहीत आणि फोल्डरमधे काय राहिलं पाहिजे

- ओपनफोमचा परिवार आणि व्हर्जन
- तिन्ही मेशच्या फाईल, चेकमेशचा आउटपुट
- सगळे लॉग, फुटलेल्या रनचे पण
- मूळ व्हिडिओ, न कापलेले. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून सेव्ह केलेले चालणार नाहीत, त्यात क्वालिटी तर जातेच, कधी फ्रेमही बदलतात
- प्रत्येक रनचं पाण्याचं तापमान, व्यास, वेग, कुठली चक्रं मोजली आणि कुठली सोडली ते
- सोडलेल्या रनचं कारण. नुसतं नीट आलं नाही असं लिहू नका. पंखा चालू होता, दोरा अडकला, जे असेल ते

आयआयटी मुंबईचा फॉसी (शिक्षणात फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणणारा) प्रोजेक्ट ओपनफोमवर काम करतो, विद्यार्थ्यांकडून केस स्टडी करून घेतो, आणि स्पोकन ट्युटोरियलमधे ओपनफोमची मालिका आहे जी स्वतःच्या स्पीडने बघता येते. वरच्या दहा स्टेप झाल्या आणि फोल्डर असं नीट असलं की तिथे प्रपोजल पाठवायला किंवा एखाद्या प्रोफेसरना समर इंटर्नशिपसाठी मेल करायला तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी असेल. मेलमधे रंगीत चित्र एकच लावा, आणि त्याच्याखाली तीन मेशचा तक्ता आणि प्रयोगाचा आकडा त्याच्या एररसकट. तक्त्यात कागद, कॉम्प्युटर आणि पाणी हे तीन वेगळे कॉलम ठेवा, आणि जुळलं नसेल तिथे कारण एका ओळीत.